लाकडी सोटा आणि तुटकी तलवार

इतिहासातील पुरुष आणि आख्यायिकेतील पुरुष पुष्कळदा एकाच नावाने वावरतात. परंतु त्या दोघांच्या भेटीस जाण्याच्या वाटा निराळ्या असतात. एकाची वाट कागदपत्रांतून जाते, दुसऱ्याची लोकांच्या तोंडून. शिक्षकाला या दोन्ही वाटा तुडवाव्या लागतात, आणि त्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे वर्गातील एखादे पोर असा प्रश्न विचारते की, त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही. अशाच एका प्रश्नाची हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

प्रसंग देवगडच्या सहलीचा. पांढुर्णा आणि सौंसर हा आमचा मराठी बोलणारा मुलूख. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेले व आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसरहून रामाकोना मागे टाकून सिल्लेवानीचा घाट चढला, की सपाटीवरची कापसाची आणि संत्र्याची शेते मागे पडतात व सातपुड्याचे रान सुरू होते. याच डोंगराळ भागात गोंड राजांची जुनी राजधानी देवगड आहे. गडावर नक्कारखान्याचे अवशेष आहेत, बादल महालाच्या भिंती आहेत, मोती टाके नावाचा जलाशय आहे. गावाच्या परिसरात दगडी बावड्या इतक्या आहेत की, आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या अशी म्हणच तिकडे रूढ झाली आहे.

या गडाशी जोडलेले नाव जाटबाचे. त्याचे ऐतिहासिकत्व निर्विवाद आहे. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त जाटबा नावाच्या जमीनदाराची नोंद असून त्याच्या पदरी 2,000 घोडदळ, 50,000 पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचे सांगितले आहे. पुढे याच घराण्यातील बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळी इस्लामचा स्वीकार केला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहराचा पाया घातला. त्याचा पुत्र चांद सुलतान 1739 मध्ये वारला, वारसांत कलह माजला आणि त्या कलहातून रघूजी भोसल्यांचा या प्रदेशात शिरकाव झाला. ज्या नागपूरकर भोसल्यांचे नाव आम्ही अभिमानाने घेतो, त्यांच्या राजधानीची मुळे अशी देवगडच्या खडकात आहेत.

आता आख्यायिका पाहू. जाटबा एका कुमारिकेच्या पोटी जन्मला. आई शेतात राबत असता तिने त्याला वेलाच्या सावलीत निजविले होते आणि एका नागाने त्याच्यावर फणा धरली. मोठा झाल्यावर तो देवगडच्या घनसूर व रणसूर या जुळ्या गवळी राजांच्या चाकरीस राहिला. किल्ल्याचा प्रचंड दरवाजा त्याने एकट्याने हातांवर उचलला, त्यामुळे राजांची त्याच्यावर मर्जी बसली. पुढे एका सणाच्या दिवशी देवीपुढे रेडा मारण्याची आज्ञा त्याला झाली. पण हाती काय, तर लाकडी सोटा! रात्री देवीने स्वप्नात येऊन सांगितले, “भिऊ नकोस, तुझा सोटा तलवार होईल.” तसेच झाले. एका घावात रेड्याचे शिर उडाले आणि त्याच तलवारीने हत्तीवर चढून जाटबाने दोन्ही राजांना ठार केले. देवगडावर गोंडांचे राज्य आले.

गडावर मी ही कथा सांगितली आणि आठवीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, ज्यांचे अन्न खाल्ले त्यांनाच मारले, मग जाटबा बेइमान नव्हे का?” त्याच्या शेजारी उभा असलेला गोंड विद्यार्थी खाली पाहू लागला. जाटबा त्याच्या घरी केवळ कथेतला राजा नव्हता. मी काही उत्तर दिले नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने मुलांना टाक्याकडे नेले. ती माझी चूक होती.

पुढे थोड्याच दिवसांत, थायलंडमध्ये नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. त्याने त्या देशाच्या उत्तरेकडील उत्तरादित प्रांतातील फिचाय या नान नदीकाठच्या जुन्या नगराची माहिती लिहिली होती. त्या नगराचा वीर म्हणजे फ्राया फिचाय डाप हाक. थाई भाषेत ‘डाप’ म्हणजे तलवार व ‘हाक’ म्हणजे तुटलेली. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही राजधानी उद्ध्वस्त केली. त्यानंतर ताकसिन राजाने देश पुन्हा उभा केला, आणि हा मुष्टियुद्धनिपुण वीर त्याचा विश्वासू सेनानी झाला. त्या काळी तेथील लोकांचे दात विड्याने काळे होत. हा विडा खात नसे, म्हणून पांढऱ्या दातांचा अशी त्याची ख्याती होती. 1773 मध्ये ब्रह्मी सैन्य फिचायवर चालून आले. दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढताना त्याचा पाय घसरला, तोल सावरण्यासाठी त्याने एक तलवार जमिनीत रोवली आणि ती तुटली. तुटक्या तलवारीनिशी तो लढत राहिला आणि नगर वाचले. 1782 मध्ये ताकसिन पदच्युत होऊन मारला गेला. नव्या राजाने या सेनानीस अभय देऊ केले. परंतु धन्याबरोबर मरण मागून त्याने ते नाकारले, अशी परंपरा सांगते. 1969 मध्ये उत्तरादित येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे धागे मला उलगडू लागले. दोहोंतही शस्त्र अपुरे आहे, एक लाकडाचे, दुसरे तुटके. अपुऱ्या शस्त्राने जो पुरा पडतो तोच लोकांना आपला वाटतो, कारण सामान्य माणसाच्या हाती नेहमी अपुरेच शस्त्र असते. पण येथून कथा दोन दिशांना जातात. फिचायची कथा राखण्याची आहे. नगर राखले, धन्याशी इमान राखले. जाटबाची कथा मिळविण्याची आहे. नव्याने राज्य मिळविणाऱ्या प्रत्येक घराण्याला ‘हे तुम्हांला कोणी दिले?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. कुमारिकेची कूस, नागाची फणा, देवीचे स्वप्न ही ते उत्तर देण्याची रूढ भाषा होय. मल्हारराव होळकरांच्या बालपणीही नागाने फणा धरल्याचे आपण ऐकतोच. गवळ्यांची सत्ता जाऊन गोंडांची आली, एवढा इतिहास या कथेच्या पोटात असावा. बाकीचे त्या सत्तांतराचे समर्थन आहे.

कथा आणखी एक गोष्ट हळूच सांगते. रेडा मारावयास लाकडी सोटा देणे ही चाकराची थट्टा होती, कदाचित त्याचा घातही. धन्याने इमान प्रथम मोडले, आणि मगच सोट्याची तलवार झाली. इमान दोन्ही बाजूंनी पाळावयाचे असते, हे लोककथेने नीतिग्रंथाशिवाय सांगितले आहे. हे सारे खरे घडले असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून जी गोटमार चालते, तिच्या मुळाशीही पळून जाणाऱ्या प्रेमी युगुलाची कथा सांगतात. कथा पुरावा नव्हे, हे तेथेही सांगावे लागते, विशेषतः दर वर्षी माणसे जखमी होत असताना.

पुढल्या इतिहासाच्या तासाला मी दोन्ही कथा फळ्यावर समोरासमोर मांडल्या आणि त्या मुलाचा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. बराच वेळ चर्चा झाली. अखेरीस गोंड विद्यार्थी उठून म्हणाला, “गुरुजी, फिचायला धनी चांगला मिळाला होता.”

त्या उत्तरावर मी काही भर घातली नाही. या वेळी मात्र उत्तर टाळण्यासाठी नव्हे.