अथेन्सचं वार्तापत्र : धुराचा गुरुवार

आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी आपल्या भिवंडी तालुक्यातल्या अंबाडी नाक्यावर चिकनच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते, तशीच ती अथेन्समध्ये थंडी सरता सरता एका गुरुवारी उडते. या दिवसाला त्सिक्नोपेम्प्ती म्हणतात. उच्चार जमला नाही तरी बिघडत नाही, सरळ ग्रीक गटारी म्हणा. फरक एवढाच की बाटलीला इथे दुसरा मान, पहिला मान धुराला. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो खमंग, जळका वास सुटतो, त्या वासाचंच नाव या गुरुवाराला दिलंय. खानावळवाले शेगड्या फुटपाथवर मांडतात, दुकानदार दारात मांडतात, आणि दुपारनंतर गल्लीबोळांतून धूर निघतो. एरवी शेजाऱ्याच्या धुरावरून भांडणारी माणसं त्या दिवशी ताटली घेऊन त्याच शेजाऱ्याच्या शेगडीपाशी उभी असतात.

या गुरुवारनंतर अकराव्या दिवशी ‘स्वच्छ सोमवार’. त्या दिवशी लोक टेकड्यांवर जाऊन पतंग उडवतात आणि ईस्टरपर्यंतचा मोठा उपवास धरतात. मटण, कोंबडी, अंडी, दूध, चीज सगळं बंद. मासेही बंद. अपवाद दोन दिवसांचा: एक 25 मार्च, जो इथला स्वातंत्र्यदिनही आहे, आणि दुसरा झावळ्यांचा रविवार. मात्र कोळंबी, माकूल, ऑक्टोपस उपवासाला चालतात, कारण त्यांच्या अंगात रक्त नाही असं मानतात. श्रावणभर कोळंबीच्या नावाने उसासे टाकणाऱ्या आपल्याकडच्या आगरी मित्रांना हे कळलं, तर ते पुढचा श्रावण इथेच काढायला येतील. कडक पाळणाऱ्यांना तर बऱ्याच दिवशी ऑलिव्हचं तेलही वर्ज्य असतं, ऑलिव्हचं फळ मात्र चालतं. सगळेच एवढं पाळतात असं नाही. तरुण मंडळी पहिला सोमवार आणि शेवटचा आठवडा पाळून मोकळी होतात.

ग्रीक स्वयंपाकात मांसाला मसाल्याचे सोपस्कार एवढे कमी का, याचं निम्मं उत्तर मला या पंचांगात दिसतं. वर्षातले कितीतरी दिवस मांसाविना जायचे, आणि डोंगराळ, गरीब मुलखात एरवीही ते रोज परवडायचं नाही. जे क्वचित मिळतं त्याला मसाल्यात बुडवायचं कशाला, असा हिशेब असावा.

आमच्या किप्सेली भागातला खाटीक गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकांसाठी चिकन लावून ठेवतो. स्टीलच्या परातीत तंगडीचे बोनलेस तुकडे, त्यावर हिरवट तेलाची धार. ठेचलेला लसूण. मीठ, मिरपूड. मग सुकलेल्या ओरेगॅनोच्या काड्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायच्या: पानं आणि फुलांचा चुरा खाली, काडी बाजूला. हाताने एकदा खालीवर करून झाकण. हळद नाही, तिखट नाही, आलं नाही, गरम मसाल्याचा तर प्रश्नच नाही. “लिंबू?” मी विचारलं. “सकाळी,” तो म्हणाला. लिंबू रात्रभर ठेवलं की मांस वरून पांढरं आणि भुसभुशीत होतं, हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

खरं तर सुवलाकीच्या, म्हणजे सळीवर भाजलेल्या मांसाच्या, दुकानांत मूळचा मान डुकराच्या मांसाचा, कोंबडी नंतर आली. भिवंडी तालुक्यात डुकराचा पाठ गिरवून उपयोग नाही, म्हणून मी कोंबडीच्या मागे लागलो. सळीवर मांस भाजायची हौस मात्र इथे फार जुनी. सांतोरिनी बेटावर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी नावाचं गाव आहे. 1967 साली स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. त्यात सळ्या आडव्या टेकवायला वरून खाचा पाडलेल्या मातीच्या बैठका सापडल्या. साडेतीन हजार वर्षांहून जुन्या. आजच्या शेगडीवाल्याला त्या दिल्या तर काही न विचारता वापरायला घेईल.

ओरेगॅनो इथे बाटलीतून घेणाऱ्याकडे लोक जरा दयेनेच बघतात. कालीद्रोमिऊ रस्त्यावर दर शनिवारी आठवडी बाजार भरतो, तिथे तो काड्यांसकट, जुडी बांधून मिळतो. उन्हाळ्यात झाड फुलावर आलं की कापतात आणि सावलीत उलटं टांगून सुकवतात. आपल्याकडे पिझ्झाबरोबर जी पुडी येते तिच्यातला चुरा आणि हा, यांची गाठ घालून देऊ नये. ह्याचा वास नाकाला झोंबतो आणि जिभेवर ठेवला तर जीभ किंचित बधिर होते.

सगळा ग्रीस असा साधा जेवतो असंही समजू नका. 1922 साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून निर्वासितांचे लोंढे आले. पुढच्या वर्षी दोन्ही देशांत लोकसंख्येची अदलाबदल ठरली, आणि दहा लाखांवर माणसं या छोट्या देशात येऊन पडली. त्यांनी जिरं, दालचिनी आणि मसाल्याचा कबाब आणला. मोनास्तिराकी चौकाजवळच्या कबाबवाल्यांच्या दारात आजही तो वास येतो. त्याच सुमारास निकोलाओस त्सेलेमेंतेस या बल्लवाचार्याचं पाकपुस्तक घरोघर पोचत होतं. त्याला ग्रीक स्वयंपाक पूर्वेच्या मसाल्यांपासून सोडवून फ्रेंच वळणावर न्यायचा होता. मुसाका नावाच्या पदार्थावर जो पांढऱ्या सॉसचा थर असतो, तो त्याचा प्रताप मानतात. मला विचाराल तर त्या झटापटीत निर्वासित जिंकले, निदान रस्त्यावर तरी.

आणि पूर्वेपासून सुटका कसली! त्या परातीकडे पुन्हा बघा. कोंबडी आग्नेय आशियातल्या रानकोंबड्यांची वंशज. प्राचीन नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या काळात इथे कोंबड्याला ‘इराणी पक्षी’ म्हणत. लिंबाचं कूळही पूर्वेकडचं. काळी मिरी तर आपल्या मलबारची. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी वहीत मिरीच्या बंदरांबरोबर सोपारा आणि कल्याण यांचीही नोंद आहे. कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही त्यात लिहिलंय. म्हणजे अंबाडीहून एसटीने जिथे जाता येतं त्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांना मज्जाव होता. तेल, ओरेगॅनो आणि समुद्राचं मीठ एवढंच काय ते यांचं घरचं.

आता हेच अंबाडीत करायचं तर. गावठी कोंबडी घेऊ नका. ती रश्श्याची, निखाऱ्यावर दोरखंड होते. बॉयलरच घ्या, आणि दुकानदाराकडून तंगडीचं मांस हाड काढून मागून घ्या. छातीचं मांस लवकर कोरडं पडतं. आपल्याकडे कोंबडी समोर कापून मिळते, म्हणून घरी आणल्यावर काही तास फ्रिजमध्ये ठेवा. ताजं कापलेलं मांस ताठरलेलं असतं.

किलोभर मांसाला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, सहा मोठे चमचे तेल, चार-पाच पाकळ्या लसूण, दोन चहाचे चमचे ओरेगॅनो, अर्धा चमचा मिरपूड. मुरण्याचं खरं काम मीठ करतं. तेवढंच आत शिरतं आणि पाणी धरून ठेवतं. लसूण, तेल, ओरेगॅनो पृष्ठभागावरच राहतात. ओरेगॅनोचा वास तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही, म्हणून तेलात हात आखडता घेऊ नका. अर्धा ओरेगॅनो मागे ठेवा आणि भाजून उतरवल्यावर वरून चोळा, कारण निखाऱ्यावर जळला की तो कडू होतो.

तेलाबाबत एक इशारा. भिवंडीच्या मोठ्या दुकानांत ऑलिव्हचे स्वस्तातले डबे दिसतात, त्यांवर बहुधा ‘पोमेस’ लिहिलेलं असतं. ते चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं, वास नसलेलं तेल. त्यापेक्षा ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ची लहान बाटली घ्या. महाग पडते खरी. 2023-24च्या हंगामात ग्रीसमधलं पीक जवळपास निम्म्यावर आलं, तेव्हा तर इथल्या गृहिणीही डबा घेताना दोनदा किंमत वाचत होत्या.

आपलं कागदी लिंबू इथल्या पिवळ्या लिंबापेक्षा आंबट. किलोला दोन पुरेत, आणि तेही भाजण्यापूर्वी तासभर. ज्यांना रात्रीच सगळं उरकायचंय त्यांनी लिंबाऐवजी तीन-चार चमचे घट्ट दही लावावं. इथेही कोंबडीला दही लावणारे पुष्कळ आहेत, आणि दह्याचा आंबटपणा मांसाला सोसतो. चांगला ओरेगॅनो मिळालाच नाही, तर पाव चमचा ओवा हातावर चुरडून त्या पुडीतल्या चुऱ्यात मिसळा. ओव्यातलं थायमॉल आणि ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही रसायनं सख्खी भावंडं आहेत. पाव चमच्याच्या वर मात्र जाऊ नका, नाहीतर पोटदुखीचं औषध खाल्ल्यासारखं वाटेल.

बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. लोणारी कोळसा पेटवा, ज्वाळा पूर्ण बसू द्या, वर राखेची पांढरी साय आली की मग मांस. तुकडे एकमेकांना खेटून ओवले की मधले कच्चे राहतात. मांस ज्यात मुरलं ते तेल ब्रशने पुन्हा वर फासायचा मोह होतो, पण त्यात कच्च्या कोंबडीचं पाणी असतं. वरून घालायला तेल आणि लिंबू वेगळ्या वाटीत फेटून ठेवा.

सोबत इथे त्झात्झिकी असते. श्रीखंडाला बांधतो तसं दही बांधून चक्का करा. काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळा. त्यात लसूण, थोडं व्हिनेगर, चमचाभर तेल आणि बारीक चिरलेला शेपू. शेपूला नाकं मुरडणाऱ्यांनी पुदिना घालावा. तोही इथे चालतो. पिटा शोधत फिरू नका. तांदळाची भाकरी गरम असताना निखाऱ्यावर उलटीपालटी केली, की तिच्यात हे चिकन, कांदा आणि टोमॅटो बसतात.