आधी मुद्दा, मग कारण, मग पुरावा

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेला विद्यार्थी हुशार असतो, कष्टाळू असतो, विषयही त्याला ठाऊक असतो. परंतु बँकेच्या व्यवस्थापकासमोर, मुलाखत मंडळासमोर किंवा ग्रामसभेत उभा राहिला की तो घरच्या हलाखीपासून सुरुवात करतो आणि मागणी अगदी शेवटी सांगतो. तोवर ऐकणाऱ्याचे लक्ष उडालेले असते. सहानुभूती मिळते, काम होत नाही. हा दोष बुद्धीचा नसून मांडणीचा आहे, आणि मांडणी शिकता येते, असे आम्हांस वाटते.

ती कोणाकडून शिकावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्ये भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे पडत गेल्यामुळे शेतकरी दरिद्री झाला, म्हणून तुकडे जोडावेत व जमिनी मोठ्या कराव्यात, असे त्या काळी अनेक तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी हे गृहीत धरले नाही.

प्रथम त्यांनी एकत्र गुंफलेले दोन प्रश्न सुटे केले. जमीन विखुरलेली असणे निराळे आणि ती लहान असणे निराळे. विखुरलेले तुकडे एकत्र आणल्याने लहान जमीन मोठी होत नाही.

दुसरे, त्यांनी शब्दाचा अर्थ तपासला. कुटुंबाचा नीट उदरनिर्वाह होईल तेवढी जमीन ‘किफायतशीर’, अशा आशयाची व्याख्या कीटिंग व मान यांच्यासारखे अभ्यासक करीत. हे माप उपभोगाचे आहे, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. शेती हा उत्पादनाचा उद्योग आहे. म्हणून जमीन, श्रम व भांडवल यांचे परस्पर प्रमाण हेच तिचे खरे माप होय.

तिसरे, या मापाने त्यांनी उपलब्ध आकडे तपासले. बैल व अवजारे हाती असलेल्या जमिनीलाच अपुरी होती. मग नुसती जमीन वाढवून काय साधणार?

चौथे, ते मूळ कारणापाशी पोहोचले. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून आहेत व त्यांचे श्रम वाया जात आहेत. म्हणून उपाय शेताच्या बांधावर नव्हे, औद्योगिकीकरणात आहे. या निष्कर्षाशी कोणी असहमत होऊ शकेल. पण कोणत्या पायरीवर असहमत आहोत, हे त्याला सांगावे लागेल. उत्तम युक्तिवादाची हीच खूण आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. विचार करताना आपण पुराव्याकडून निष्कर्षाकडे जातो. कामकाजात तो सांगताना मात्र निष्कर्ष आधी सांगावा. बार्बरा मिंटो यांची उद्योगजगतात प्रसिद्ध असलेली ‘पिरॅमिड’ पद्धत हेच सांगते: शिखरावर उत्तर, त्याखाली कारणे, त्याखाली पुरावे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, त्या तालुक्यातील एका महिला बचत गटाला हळद शिजविण्याचे यंत्र घेण्यासाठी कर्ज हवे आहे. पहिल्याच वाक्यात किती रक्कम, कशासाठी आणि किती हप्त्यांत परतफेड, हे यावे. मग तीन कारणे: आज भाड्याच्या यंत्रावर दर हंगामात होणारा खर्च, सभासदांची स्वतःची हळद किती, आणि इतरांची हळद शिजवून मिळू शकणारे उत्पन्न. प्रत्येक कारणाखाली कागद हवा: भाड्याच्या पावत्या, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या, यंत्राचे दरपत्रक. अखेरीस, हंगाम संपल्यावर यंत्र पडून राहील त्याचे काय, हा समोरच्याच्या मनातील प्रश्न आपणच विचारून त्याचे उत्तर द्यावे.

बाबासाहेबांचे प्रमाणाचे माप येथेही लागू पडते. यंत्र मोठे आणि हळद थोडी असेल, तर कर्ज हेच ओझे होईल. आकडे मांडताना तसे दिसून आले, तर गटाने यंत्र भाड्यानेच घ्यावे. समोरच्याला पटविण्याआधी मांडणी आपली मागणी आपल्यालाच तपासून दाखविते. तिचा हा लाभ आम्ही सर्वांत मोठा मानतो. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून किंवा गुरूने सांगितली म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. स्वतःच्या मागणीलाही तीच कसोटी लावली पाहिजे.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाने काही मागितले, तर त्याला लगेच होकार वा नकार देऊ नका. काय हवे ते एका वाक्यात, का हवे ते तीन कारणांत आणि कशावरून ते पुराव्यानिशी सांगावयास लावा. घरात ही सवय जडलेला मुलगा वा मुलगी उद्या कोणत्याही कार्यालयात मान खाली घालून उभी राहणार नाही.

जय भीम!