चुकीचं वाक्य, उशिरा माघार आणि मतं: कारण नेमकं कोणतं?

प्रचारात उमेदवार काहीतरी बोलून जातो, गदारोळ होतो, मग 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' असा खुलासा येतो. हे आपल्याला नवीन नाही. पण 'त्या वाक्यामुळे मतं गेली' हे सिद्ध कसं करायचं? रिसर्चचा प्रश्न इथे सुरू होतो.

एक गाजलेली केस बघू. ६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची टीव्हीवरची डिबेट. पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं फोर्ड बोलून गेले. अमेरिकेला ते वर्चस्व मान्य नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आधी अर्धेमुर्धे खुलासे झाले. चूक सरळ कबूल करायला जवळपास आठवडा गेला.

आता डेटा. डिबेट संपल्यावर लगेच ज्यांना विचारलं, त्यांच्यात फोर्ड मागे नव्हते. दुसऱ्या दिवशी, बातम्यांत ते वाक्य गाजल्यानंतर विचारलं, तेव्हा 'कार्टर जिंकले' म्हणणारे कितीतरी जास्त निघाले. वाक्य दोन्ही गटांनी तेच ऐकलं होतं. मध्ये आलं ते बातम्यांचं कव्हरेज. म्हणजे आपला व्हेरिएबल 'वाक्य' नाही, 'वाक्य अधिक कव्हरेज' आहे. मोजमाप कधी केलं यावर निष्कर्ष बदलतो, तो असा.

आता मोह बघा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कार्टर वस्त्यांच्या 'वांशिक शुद्धते'बद्दल बोलले होते. त्यांनी काही दिवसांतच माफी मागितली आणि पुढे निवडणूकही जिंकली. मग 'लवकर माफी मागितली की वाचतो' असं म्हणायचं का? नाही. केसेस फक्त दोन. एक पक्षांतर्गत निवडणुकीतली, दुसरी मतदानाच्या चार आठवडे आधीची. विषय वेगळे, मतदार वेगळे. शिवाय जुलैमध्ये गॅलपच्या पाहणीत ३० हून जास्त टक्क्यांनी मागे असलेले फोर्ड शेवटी साधारण २ टक्क्यांनीच हरले. ते वाक्य नसतं तर जिंकले असते का, हे नुसत्या निकालावरून सांगता येत नाही.

म्हणून प्रपोजल लिहिताना तीन प्रश्न स्वतःला विचारा: मी नक्की काय मोजतोय? कधी मोजतोय? आणि ती घटना घडली नसती तर काय झालं असतं, हे दाखवायला माझ्याकडे तुलनेचा गट आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर शीर्षकात 'परिणाम' हा शब्द लिहू नका. 'संबंध' लिहा. गाईडने विचारलं तर निदान बचाव करता येईल.