भेसज्जक्खंधकातील मध आणि जखमेवरील मध

विनयपिटकातील महावग्गाचा सहावा खंधक भेसज्जक्खंधक या नावाने ओळखला जातो. शरद ऋतूतील आजाराने सावत्थी येथील भिक्खू कृश व निस्तेज झाले, तेव्हा भगवान बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे घेण्याची त्यांना अनुज्ञा दिली, असे त्यात सांगितले आहे. आज आधुनिक वैद्यक जखमेवर मध वापरू लागले आहे. त्यामुळे "हे तथागतांनी आधीच सांगून ठेवले होते" असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो.

आम्ही तो खंधक या दृष्टीने पुन्हा वाचला. व्रणोपचाराचा भाग त्यात आहे, आणि तो मोठा वाचनीय आहे. गळू झाल्यास शस्त्राने फोडावे, तुरट काढ्याने धुवावे, तिळाचा लगदा लावावा, पट्टी बांधावी. खाज सुटल्यास मोहरीची पूड, व्रण चिघळल्यास धुरी, वाढलेले मांस काढण्यास मिठाचा खडा, भरून येत नसल्यास व्रणतेल. या यादीत मध मात्र नाही. पंचभेसज्जांतील मध पोटात घेण्याचा आहे. व्रणावर मध लावण्याचा उपचार सुश्रुतसंहितेत आढळतो. तसे सांगण्यात आम्हांस कोणताही कमीपणा वाटत नाही. बुद्धवचन ओळखण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विवेकाची कसोटी दिली आहे. ती लावायची तर ग्रंथात नसलेले ग्रंथावर लादता येत नाही.

आता मधाचे कार्य पाहू. मधात सुमारे ऐंशी टक्के शर्करा असते व पाणी फार थोडे. त्यामुळे तो जंतूंतील पाणी शोषून घेतो. तो आम्लधर्मी असल्याने त्यात बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मिसळते. घट्ट मधात ते जवळजवळ निष्क्रिय असते. जखमेतील स्रावाने मध पातळ झाला की ते कार्य करू लागते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेथोडे निर्माण होत राहते. न्यूझीलंडच्या मानुका मधात याखेरीज मिथिलग्लायॉक्सल हे जंतुनाशक द्रव्य असल्याचे 2008 साली दाखविण्यात आले.

या विषयातील एक बहुचर्चित प्रयोग आपल्या सोलापुरातील आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली 104 भाजलेल्या रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम लावले होते. मध लावलेल्यांपैकी 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या. मलमाच्या गटात सात टक्केच. आकडे विलक्षण आहेत, आणि म्हणूनच एकट्या प्रयोगावर विसंबणे बरे नव्हे. 2015 साली कॉक्रेन संस्थेने 26 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. मधाने उथळ भाजणे चार-पाच दिवस लवकर भरते आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांतही तो जंतुनाशक द्रव व गॉझपट्टीपेक्षा सरस ठरतो, असे त्यात दिसले. शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या व्रणांत लाभ आढळला नाही, आणि मधुमेहींच्या पायाच्या व्रणांबाबत पुरावा अपुरा होता.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला हितकर काय व अहितकर काय हे कळले पाहिजे, असे चीवरक्खंधकात म्हटले आहे. येथे अहितकर ते बाजारातील मधाची बाटली होय. रुग्णालयीन मधपट्ट्यांतील मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू असू शकतात. घरी उकळल्यास हे बीजाणू टिकून राहतात आणि उपयोगी विकर मात्र नष्ट होते. शिवाय 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तपासलेल्या 13 नाममुद्रांपैकी बहुतेकांच्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ आढळली होती. असा पाक लावून जखम झाकणे म्हणजे उपचार लांबणीवर टाकणे. मधुमेही व्यक्तीच्या पायाला जखम झाली, ती काळी पडू लागली, दुर्गंधी येऊ लागली किंवा ताप भरला, तर मध शोधण्यात एक दिवसही न घालवता तिला रुग्णालयात न्यावे.