पडदा काळा, यंत्र जागं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे घराघरातले २०१५-१६ चे लॅपटॉप, कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ, काम चोख, तरी बाद ठरले. रायपुरात आमच्या तेलीबांध्याकडे तेव्हापासून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीची चौकशी वाढली आहे. तलावाच्या काठी फिरायला आलेले ओळखीचे लोक विचारतात, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं. पोरं पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार उतरवतात, लॅपटॉपवर चढवतात, रीस्टार्ट करतात. कंपनीचा लोगो चमकतो, क्षणभर काही अक्षरं सरकतात आणि पडदा काळा होतो. पंखा फिरत असतो, दिवा लागलेला असतो, समोर मात्र काहीच नाही.

अशा वेळी दुकानात दोनच उत्तरं मिळतात: ‘ग्राफिक्स कार्ड उडालं’ किंवा ‘फॉरमॅट मारावं लागेल’. दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात. दुसरं तर घातक आहे, कारण त्यात आजीचे फोटो, मुलीचा प्रकल्प, वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रं असं सगळं पुसलं जातं, आणि तेही अशा यंत्रातून जे आतून व्यवस्थित चालू होतं. हा लेख लिहायचं खरं कारण हेच.

यंत्र जागं आहे की नाही हे कळायला मिनिटही लागत नाही. कॅप्स लॉक दाबा. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बहुधा जिवंत आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागणारी ओळ आली, तर बिघाड फक्त चित्र दाखवणाऱ्या वरच्या थरात आहे. नाव-पासवर्ड देऊन आत जाता येतं, फाइली बघता येतात, पेन ड्राइव्हवर उतरवताही येतात. इथे मराठी माणसाला एक धक्का बसतो. फाइलींची नावं मराठीत असतील तर त्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतात. लिनक्सच्या या जुन्या अक्षरपडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवता येतात आणि देवनागरीची जोडाक्षरं जुळवणं त्याला जमत नाही. फाइली मात्र जशाच्या तशा असतात. त्यांची नावं बिघडली असं समजून तिथे ती बदलत बसू नका.

शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. ‘काका, स्क्रीनच गेली. दुकानात नवीन पॅनल सांगितलंय.’ खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी चिकटवून तिरका धरला. लॉगिनची चौकट, तिच्यातलं त्याचं नाव, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं फिकट का होईना, दिसत होतं. चित्र उमटत होतं, फक्त पॅनलमागचा प्रकाश बंद होता. नव्या प्रणालीने ब्राइटनेसची सूत्रं चुकीच्या ड्रायव्हरकडे दिली होती. कर्नलला सुरू होताना द्यायच्या सूचनांत एसीपीआय-बॅकलाइटची एक सूचना घातली आणि पडदा उजळला. पॅनलचा खर्च वाचला. पडदा काळा दिसला की टॉर्चची ही परीक्षा आधी करावी, कारण प्रकाश गेलेला पडदा आणि चित्र गेलेला पडदा हे दोन वेगळे आजार आहेत.

चित्र नेमकं कुठे जातं? बटण दाबल्यावर पडदा आधी मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या ताब्यात असतो. लोगो तेच दाखवतं. मग कर्नल जागं होतं, ग्राफिक्स चिप ओळखतं, तिचा ड्रायव्हर चढवतं आणि पडदा स्वतःकडे घेतं. सासूने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती द्यावा तसा हा क्षण. जुडगा हातातून निसटला की अंधार. पडदा कर्नलनेच सांभाळायची ही रीत इंटेलच्या चिपसाठी २००९ च्या मार्चमध्ये, लिनक्स २.६.२९ मध्ये आली. त्याआधी चित्र दाखवणारा वेगळाच प्रोग्रॅम थेट कार्डाशी झोंबत असे.

हे हस्तांतरण तात्पुरतं टाळता येतं. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून (जुन्या बायोसच्या लॅपटॉपवर शिफ्ट धरून) ग्रबची, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी आणायची. वरच्या ओळीवर ‘ई’ दाबायचं. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची, बहुधा तिच्या शेवटी ‘क्वायट स्प्लॅश’ असतं. तिथे जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहायचं: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी, सगळी लहान अक्षरं, सलग. मग एफ१०. पडदा उजळतो, चित्र थोडं भरड दिसतं, ब्राइटनेस हलत नाही, बाहेरचा मॉनिटर लागत नाही, पण आत जाता येतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करताना उबुंटूच्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंटच्या यादीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असतो, त्यांतही हीच सूचना दडलेली असते. ही सूचना त्या एका वेळेपुरती असते आणि तशीच राहावी. अनेक जण ती कायमची लिहून टाकतात आणि मग वर्षभर लिनक्स संथ आहे म्हणून बोल लावतात. आत शिरलात की योग्य ड्रायव्हर बसवायचा आणि तिला रजा द्यायची.

सगळ्यात जास्त छळतात ते दोन ग्राफिक्स चिपांचे लॅपटॉप. प्रोसेसरमध्येच इंटेल किंवा एएमडीची एक चिप असते आणि शेजारी एन्व्हिडियाची दुसरी. यातल्या बहुतेकांत पडद्याची वायर पहिल्या चिपला जोडलेली असते. एन्व्हिडिया चित्र रंगवते आणि पहिलीच्या हवाली करते. एचडीएमआयची वायर मात्र अनेकदा थेट एन्व्हिडियाला जाते. त्यामुळे एका पडद्यावर अंधार आणि दुसऱ्यावर उजेड असाही प्रकार होतो. घरच्या टीव्हीला जोडून बघणं म्हणूनच उपयोगाचं.

ही व्यवस्था एन्व्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाने आणली, फक्त विंडोजचा विचार करून. लिनक्सवाल्यांनी आपल्या हाताने वाट काढली. बम्बलबी नावाचा प्रकल्प त्यासाठी उभा राहिला. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरच्या पत्त्यात एक जागा जास्त पडली. त्या एका रिकाम्या जागेमुळे ‘यूएसआर’ हे सगळं फोल्डर, म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम, अनेकांच्या यंत्रांवरून पुसले गेले. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सला श्रोत्यांतल्या एका महिलेने ऑप्टिमसच्या लॅपटॉपचीच तक्रार सांगितली. त्यावर त्याने एन्व्हिडियाला कॅमेऱ्यासमोर जे सुनावलं ते जगभर गाजलं. त्याचा राग मला रास्त वाटतो. चिप कशी चालते याची कागदपत्रं कंपनी देत नव्हती. नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते टिपून एकेक गोष्ट उलगडली आणि २०१० मध्ये तो लिनक्समध्ये सामील झाला. पुढे २०१४ च्या सुमाराच्या कार्डांपासून कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागू लागलं आणि त्या कार्डांचा वेग वाढवणं नूव्होला अशक्य झालं. एएमडीने २००७ पासून कागदपत्रं खुली करायला घेतली, इंटेलचे लोक स्वतःच मुक्त ड्रायव्हर लिहितात, आणि म्हणूनच त्यांच्या चिपांवर काळा पडदा तुलनेने विरळा. एन्व्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, तोही ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या चिपांसाठी.

एन्व्हिडियाचा ड्रायव्हर बसवूनही अंधार झाला, तर आधी सिक्युअर बूट, म्हणजे सही मान्य असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, आठवा. उबुंटू ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतं. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर इंग्रजीत यादी येते. ती काही सेकंदच थांबते, आणि लोक घाईत ‘कंटिन्यू’ दाबतात. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो दिला नाही तर ड्रायव्हरची सही मान्य होत नाही, कर्नल त्याला दारातच अडवतं, आणि नूव्होला आधीच बाहेर काढलेलं असतं.

दुसरं कारण म्हणजे अर्धवट अपडेट. कर्नल बदललं की एन्व्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने बांधावा लागतो. मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी अंधड उठतं, वीज जाते, आणि ज्याची बॅटरी केव्हाच संपली आहे असा जुना लॅपटॉप नेमका अपडेटच्या मध्यात बंद पडतो. अशा वेळी ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल असतं. ते निवडलं की बहुधा पडदा येतो आणि अर्धं राहिलेलं काम पूर्ण करता येतं. लॉगिन केल्यावरच अंधार होत असेल तर डिस्क भरली आहे का तेही बघा. ती काठोकाठ भरली की डेस्कटॉपला स्वतःच्या नोंदी लिहायलाही जागा उरत नाही, आणि दोष मात्र ग्राफिक्सवर जातो.

अंदाजाने आज्ञा ठोकत बसण्यापेक्षा नोंदवही वाचावी. लॉगिन केलेल्या अक्षरपडद्यावर जर्नलसीटीएल (सलग), जागा, वजा-बी, जागा, वजा-एक असं लिहिलं की मागच्या वेळी काय घडलं त्याची ओळ न् ओळ मिळते. त्यात एन्व्हिडिया, नूव्हो, आय९१५ (इंटेलचा ड्रायव्हर) किंवा एएमडीजीपीयू (एएमडीचा) हे शब्द जिथे त्रुटीच्या ओळीत येतात तिथे खरं कारण असतं. ती ओळ मोबाइलने टिपून जाणकाराला पाठवली तर ‘स्क्रीन काळी आहे, काय करू?’ या प्रश्नाच्या कितीतरी पुढे तुम्ही आधीच पोचलेले असता.

जुन्या कार्डांचं मात्र जपून. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे ९४०एमएक्स किंवा एमएक्स१५० असलेल्या लॅपटॉपसाठी, एन्व्हिडियाची ५८० ही ड्रायव्हर-मालिका शेवटची. त्याआधीच्या केप्लर पिढीची ४७० वर संपली. सगळ्यात नवा ड्रायव्हर बसवून या लॅपटॉपवर उजेड येत नाही. अभ्यास, पत्रव्यवहार आणि सिनेमे एवढंच काम असेल तर मी एन्व्हिडियाचा ड्रायव्हर बसवतच नाही. इंटेलची चिप ते सगळं निवांत सांभाळते.

आणि लिनक्ससाठी जुना लॅपटॉप विकत घ्यायचा असेल तर नुसत्या इंटेलचा किंवा नुसत्या एएमडीचा बघा. लिनक्सचा पेन ड्राइव्ह खिशात घेऊनच दुकानात जा आणि त्यावरून सुरू करायला लावा. झाकण मिटा, मिनिटभराने उघडा, पडदा परत येतो का बघा. ब्राइटनेस कमी-जास्त करा, दुकानातल्या मॉनिटरला एचडीएमआय लावा. विकणारा एवढं करू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा.