व्यक्तिनामे, मराठी

जन्मानंतर विधिपूर्वक दिलेले, व्यक्तीची ओळख ठरणारे नाव. महाराष्ट्रात ते सामान्यतः बाराव्या दिवशी, बारशाला, आत्या बाळाच्या कानात सांगते. देवनामांचा भरणा मोठा असून बोलीत त्यांची रूपे पालटतात : कृष्णचे किसन, रुक्मिणीचे रखमा, ज्ञानदेवचे ग्यानबा. फार्सी-अरबी संस्कारही आढळतो. मालोजी भोसल्यांच्या शहाजी व शरीफजी या मुलांची नावे शाह शरीफ या पीरावरून ठेवली, अशी परंपरा आहे.

समाजमनाचा खरा ठाव लागतो तो हीनार्थी नावांत. आधीची मुले दगावली असता पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूनेही त्याला क्षुल्लक समजून सोडावे, म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे देत. त्यांमागे भीती असली, तरी मायाच असे. ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ या नावाची जात मात्र वेगळी. पाठोपाठ मुलीच झाल्यावर, आता तरी मुलगा व्हावा, या अपेक्षेने ते ठेवीत. त्यात रक्षण नाही, नकारच आहे आणि तो त्या मुलीला शाळेच्या हजेरीपटावरही रोज ऐकावा लागे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींचे शासकीय समारंभात पुन्हा नामकरण झाले.

विवाहानंतर स्त्रीचे पहिले नावही बदलण्याची रूढी होती. डॉ. आनंदीबाई जोशी व रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या यमुना होत.

सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृदर्शक बिरुदे लावीत. पुढे मधले नाव पित्याचे वा पतीचे झाले. शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बंधनकारक केले.