झाकली मूठ, पौंडाच्या भावाने

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अब्रू सांभाळण्यासाठी योजली. अमेरिकेत मात्र झाकल्या मुठीचा चक्क लिलाव होतो आणि चांगली शहाणीसुरती माणसे चढाओढीने बोली लावतात. त्या मुठीत असतात मुलांनी जमवलेली चित्रांची कार्डे!

आपल्याकडची मुले काड्यापेट्यांचे छाप जमवीत, तसाच हा नाद. तिकडे तो मुख्यतः बेसबॉलच्या खेळाडूंचा. ‘टॉप्स’ या च्युइंगगमच्या कंपनीने १९५२ साली ४०७ कार्डांचा संच काढला, तो या छंदातला मानाचा मानतात. पुढे १९९३ साली ‘मॅजिक’ हा कार्डांचा खेळ निघाला आणि १९९९ साली जपानमधला ‘पोकेमॉन’ अमेरिकेत पोचला. पण मुले मोठी होतात, परगावी जातात, आणि कार्डांचे खोके माळ्यावर राहते. मग एखाद्या साफसफाईत ते जुन्या कपड्यांबरोबर धर्मादाय दुकानात जाते.

अशा दुकानांत ‘गुडविल’चे नाव मोठे. १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सधन घरांतून जुने कपडे नि सामान गोळा करून ते दुरुस्त करण्याचे काम गरजूंना देण्यास प्रारंभ केला, ते या संस्थेचे मूळ. १९९९पासून तिचा संगणकावरचा लिलावही चालतो आणि विक्रीच्या उत्पन्नातून लोकांना रोजगाराचे शिक्षण मिळते. ‘लिलाव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पण न मोजता सगळा ढीग एकदम घेणे याला आपल्याकडे ‘उक्ते घेणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. इथला व्यवहार तसाच. पाच पौंड, दहा पौंड असे कार्डांचे गठ्ठे असतात. एका पौंडात सुमारे अडीचशे कार्डे बसतात, म्हणजे दहा पौंडांत अडीच हजार! छायाचित्रात दिसतात ती त्यांतली मूठभर. आंब्याच्या पेटीचा वरचा थर पाहून सौदा करण्यासारखेच हे आहे.

मग लोक बोली का लावतात? कारण मिकी मँटल या खेळाडूचे १९५२चे एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. अशा बातमीने कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? परंतु या किमतीमागची कथा ऐकण्यासारखी आहे. त्या संचाचा न खपलेला माल १९६० साली बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवला, असे टॉप्सचे साय बर्जर यांनीच सांगून ठेवले आहे. घरोघरची कार्डेही केरात गेली. उरली ती थोडी, म्हणून मोलाची.

जुन्या कार्डांना पैसा येतो हे १९८०नंतरच्या दशकात सर्वांना कळले आणि सगळेच सावध झाले. कंपन्यांनी बेसुमार कार्डे छापली, लोकांनी ती पाकिटांत घालून जिवापाड जपली. परिणाम असा, की त्या वर्षांची बहुतेक कार्डे आज कोरी करकरीत आहेत आणि त्यांना कोणी विचारीत नाही. टाकून दिली त्यांचे सोने झाले, सोने होईल म्हणून जपली त्यांची माती झाली! उक्त्या गठ्ठ्यांत ही दुसऱ्या जातीची कार्डेच अधिक भरतात, हे गिऱ्हाईक विसरते.

लिलावाची आणखी एक मेख आहे. १९७१ साली एका अमेरिकन तेलकंपनीच्या तीन अभियंत्यांनी ती दाखवून दिली. समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर बोली लावताना प्रत्येक कंपनी तळाशी किती तेल असेल याचा अंदाज करते, आणि लिलाव जिंकते ती बहुधा सर्वांत फुगीर अंदाज करणारी! याला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. समुद्राच्या तळाचे तेल काय आणि खोक्याच्या तळाचे कार्ड काय, न्याय एकच.

म्हणून जाणते गिऱ्हाईक फक्त दिसणाऱ्या कार्डांची किंमत धरते. न दिसणाऱ्यांची शून्य. पाठीवर छापलेले साल, कोपरे झिजले आहेत की नाहीत, पोकेमॉनवर पहिल्या आवृत्तीचा शिक्का आहे का, हे ते डोळ्यांत तेल घालून पाहते. माल वजनदार, तेव्हा टपालखर्च आधीच बोलीतून वजा करते. शिवाय खोके आपल्यापूर्वी कोणीतरी चाळले असणार, हे गृहीत धरते. आकडा आधी कागदावर लिहून ठेवावा आणि बोली त्यापुढे गेली की गप्प बसावे, हे उत्तम.

मग हे खोके घेऊच नये काय? तसे नाही. सिनेमाला जावे तेवढ्या खर्चात एखादे खोके आणून बापलेकांनी रात्रीच्या जेवणानंतर कार्डे लावीत बसावे, यात तोटा कसला? मुलाला सालवारी कळेल, बापाला मूल कळेल. मात्र मुलाच्या फीचे पैसे त्या खोक्यात घालू नयेत. करमणुकीसाठी घेतलेले खोके उघडताक्षणी आपले पैसे फेडते. श्रीमंतीसाठी घेतलेले बहुधा पुन्हा माळ्यावरच जाऊन बसते.